लिंक मागणारे पत्र कोणाला आणि कसे लिहावे?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छोट्या व्यावसायिकांसाठी संकेतस्थळाच्या प्रसाराविषयी आलेला लेख वाचला. घरगुती मसाले विकणाऱ्या बचत गटांपासून कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत अनेकांना आता स्वतःचे संकेतस्थळ असावे असे वाटू लागले आहे, आणि त्यांना समजेल अशा मराठीत हा विषय मांडला गेला हे चांगलेच झाले. लेखातील बहुतेक सूचना उपयोगाच्या आहेत. मात्र इतर संकेतस्थळांच्या चालकांना ‘लिंक एक्स्चेंज’साठी, म्हणजे एकमेकांच्या संकेतस्थळांच्या लिंक परस्परांनी देण्यासाठी, ईमेल पाठवण्याचा जो तयार नमुना चौकटीत छापला आहे, आणि तो जास्तीत जास्त पत्त्यांवर पाठवावा असा जो सल्ला त्याखाली दिला आहे, त्याबद्दल अशी पत्रे ज्यांना येतात त्यांच्या बाजूने चार गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

आम्ही काही मित्र सह्याद्रीतील घाटवाटा आणि किल्ले यांची माहिती देणारे एक लहान मराठी संकेतस्थळ बरीच वर्षे चालवत आहोत. त्यावर जाहिराती नाहीत, सगळे काम नोकरी-धंदा सांभाळून फावल्या वेळात होते आणि आलेल्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आहे. लिंकची मागणी करणारी पत्रे सतत येतच असतात. तंबू आणि बूट विकणारे, हॉटेलांचे आरक्षण करून देणारे, वैयक्तिक कर्जवाले, ऑनलाइन रमीवाले, सगळ्यांनाच आमच्या घाटवाटांच्या पानांवर जागा हवी असते. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘प्रिय वेबमास्टर’ अशी असते, आणि मजकूर इंग्रजीतून यंत्राने मराठीत आणलेला असल्याचे पहिल्याच ओळीत कळते. एका पत्रात तर आमच्या ‘अप्रतिम पाककृतीं’चे तोंड भरून कौतुक होते. आमच्या संकेतस्थळावर पाककृती एकही नाही. पायथ्याच्या गावात पिठले-भाकरीची सोय कोणाकडे होते याची नोंद काही पानांवर आहे, तेवढ्यावरून पत्र लिहिणाऱ्या प्रणालीने तो निष्कर्ष काढला असावा. असे पत्र पूर्ण वाचण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि त्याच दिवशी एखाद्या खऱ्या गावकऱ्याने आपुलकीने पाठवलेली विनंतीही त्या गर्दीत नजरेआड होते. आपल्या लेखातील नमुना वापरणाऱ्या वाचकाचे खरे नुकसान इथे आहे, कारण त्याचे पत्र प्रामाणिक असूनही दिसायला मात्र या ढिगातलेच दिसणार आहे.

लिंकला एवढा भाव का आला, हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे मुद्दे स्पष्ट होणार नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा लिंकचा हेतू साधा होता: एक कागद वाचणाऱ्याला त्याच्याशी संबंधित दुसऱ्या कागदापर्यंत सहज जाता यावे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी शोधनिबंधांतील संदर्भांची पद्धत वेबला लावून पाहिली. ज्या निबंधाचा उल्लेख इतर अनेक अभ्यासक करतात तो महत्त्वाचा मानला जातो, त्याचप्रमाणे ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान वरचे मानावे, हा त्यांच्या पेजरँक या पद्धतीचा गाभा होता, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलची उभारणी त्यावरच झाली. लिंक मिळाली की शोधात आपले पान वर येते हे लक्षात येताच वाचकाचा काहीही संबंध नसलेल्या लिंकांचा बाजार सुरू झाला. ‘आमचे मित्र’ किंवा ‘उपयुक्त संकेतस्थळे’ अशा मथळ्याखाली शेकडो नावांची पाने तयार होऊ लागली, आणि त्यांत जागा मिळवण्यासाठी पत्रांचे गठ्ठे फिरू लागले.

आपल्या लेखातील सल्ला त्या काळातला आहे. गूगलने २००५ मध्ये इतर सर्च इंजिनांच्या साथीने ‘नोफॉलो’ ही खूण आणली, जिच्यामुळे लिंक देऊनही तिची शिफारस म्हणून गणना होऊ नये असे सांगता येते. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ हा बदल लागू झाला आणि कृत्रिम लिंकांच्या जोरावर वर आलेली अनेक संकेतस्थळे एका रात्रीत खाली गेली. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असा अंदाज गूगलने त्या वेळी दिला होता. २०१६ पासून हीच तपासणी गूगलच्या मुख्य प्रणालीचा भाग झाली असून अशा लिंकांना आता बहुतेक वेळा शिक्षा होत नाही, त्या सरळ हिशेबातूनच वगळल्या जातात. म्हणजे शेकडो पत्रे पाठवून मिळवलेल्या लिंकांचा उपयोग शून्य, आणि ते आपल्याला कोणी कळवतही नाही. गूगलच्या सध्याच्या स्पॅमविषयक धोरणात ‘तू माझी लिंक दे, मी तुझी देतो’ या स्वरूपाची अतिरेकी देवघेव आणि केवळ परस्परांच्या लिंकांसाठी बनवलेली ‘पार्टनर’ पाने यांचा लिंक स्पॅम म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. क्रमवारीसाठी पैसे, वस्तू किंवा सेवा देऊन लिंक घेणेही त्याच यादीत येते. काही ‘तज्ज्ञ’ यावर तोडगा म्हणून तिघांची साखळी सुचवतात, ज्यात पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला लिंक द्यायची. हेतू तोच असल्याने तीही देवघेवच ठरते, आणि वर एक अनोळखी माणूस आपल्या व्यवहारात येऊन बसतो.

याचा अर्थ दोन संकेतस्थळांनी एकमेकांची लिंक देऊच नये असा मुळीच नाही. धोरणातील ‘अतिरेकी’ हा शब्द तिथे कारणाने आलेला आहे. घाटघरला मुक्कामाची सोय करणाऱ्याने नाणेघाटाची माहिती देणाऱ्या पानाकडे बोट दाखवले आणि त्या पानाने मुक्कामाच्या सोयीकडे, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही, कारण वाट चालणाऱ्याला दोन्हींची गरज आहे. अडचण सुरू होते ती लिंक ही लग्नातल्या आहेरासारखी झाली की. कोणी किती दिले याची वही ठेवायची आणि तेवढ्याच किमतीचे परत करायचे. वाचकाला काय हवे आहे हा प्रश्न त्या वहीत कुठेच नसतो. लिंक मागणाऱ्याने पत्र लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न मात्र नेमका तोच आहे: समोरच्या संकेतस्थळाचे कोणते पान, त्या पानावरचे कोणते वाक्य, आणि तिथवर आलेल्या वाचकाला आपल्या पानावर गेल्याने कोणती गोष्ट मिळेल जी तिथे नाही?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर पत्र लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. देता येत असेल तर निम्मे पत्र लिहून झाल्यासारखेच आहे. कल्पनेतले एक उदाहरण घेऊन मी हे सविस्तर दाखवतो, कारण आपल्या चौकटीतील नमुन्याऐवजी वाचकांच्या हाती दुसरे काही द्यायला हवे. समजा, जुन्नर तालुक्यात घाटघर परिसरात एका कुटुंबाने घरगुती मुक्कामाची सोय सुरू केली आहे आणि त्यांचे एक साधे संकेतस्थळ आहे. त्यांनी किल्ल्यांची माहिती देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाला पत्र लिहायचे ठरवले, तर ते साधारण असे असावे:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या संकेतस्थळावरील नाणेघाटाचे पान वाचले. कल्याण-मुरबाडकडून येऊन वैशाखरे गावाजवळून चढणारी वाट, लेणे आणि पाण्याची टाकी यांची माहिती त्यात नीट आली आहे. जुन्नरकडून घाटघरमार्गे येणाऱ्यांसाठी मात्र “एसटीची चौकशी जुन्नर स्थानकावर करावी” एवढेच वाक्य आहे. आम्ही घाटघरजवळ राहतो आणि मुक्कामाची घरगुती सोय चालवतो. जुन्नरहून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा, पावसाळ्यात रस्त्यावर कोठे अडचण येते आणि शेवटची गाडी चुकल्यास काय करावे, हे आम्ही एका स्वतंत्र पानावर लिहिले असून प्रत्येक हंगामाआधी ते तपासून घेतो. त्या पानाच्या तळाशी आमच्या मुक्कामाच्या सोयीची माहिती आहे, हे आधीच सांगतो. आपणास योग्य वाटल्यास वर उल्लेखलेल्या वाक्यापाशी या पानाची लिंक द्यावी, ही विनंती. लिंक देणे आपल्या पद्धतीत बसत नसेल, तर गाड्यांच्या वेळा आपल्या पानावर तशाच घेतल्या तरी आमची हरकत नाही. पानाचा पत्ता खाली देत आहे.’ त्यानंतर नाव, गाव आणि फोन क्रमांक.

हे पत्र मोबाइलच्या पडद्यावर फार वर-खाली न करता वाचून होते. त्यात कौतुक आहे, पण ते पान वाचल्याखेरीज करता येणार नाही असे आहे. ‘आपले संकेतस्थळ फारच सुंदर आहे’ या वाक्याने कोणाचाच विश्वास बसत नाही, कारण ते वाक्य रमीवालेही लिहितात. उणीव दाखवली आहे, तीही दोष देण्याच्या सुरात नाही, आणि ती भरून काढण्याचे साधन लगेच पुढे केले आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्याला नेमके कुठे आणि काय करायचे ते कळते, त्यामुळे त्याचे काम दोन मिनिटांवर येते. ‘आपल्या संकेतस्थळावर कोठेही आमची लिंक द्यावी’ असे लिहिले असते तर जागा शोधण्याचा त्रास त्याच्यावर पडला असता आणि तो त्याने बहुधा घेतला नसता. आपला व्यावसायिक हेतू लपवलेला नाही. पान उघडल्यावर तळाशी खोल्यांचे दर दिसणारच असतात, ते आधी न सांगता दिसले तर समोरच्याला फसवल्यासारखे वाटते. आधी सांगितले तर कोणी हरकत घेत नाही. शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लिंक न मिळाली तरी माहिती वापरा असे म्हणणारा माणूस वाटसरूंची सोय पाहतो आहे हे त्यावरून दिसते, आणि अनुभव असा की अशा माणसाला लिंक हमखास मिळते.

पत्राचा विषय म्हणून ‘लिंक एक्स्चेंज प्रस्ताव’ असे कधीही लिहू नये. ‘नाणेघाटाच्या पानावरील जुन्नर एसटीच्या माहितीबद्दल’ असा विषय असेल तर पत्र उघडले जाते, कारण ते त्या पानाच्या कामाचे आहे. संकेतस्थळावर चालकाचे नाव दिलेले असेल तर ते वापरावे, आणि ते शोधण्यासाठी ‘आमच्याविषयी’ हे पान उघडण्याइतके कष्ट घ्यावेत. नाव सापडले नाही तर ‘सप्रेम नमस्कार’ पुरेसे आहे, ‘प्रिय वेबमास्टर’ नको. मराठी संकेतस्थळाला मराठीतच लिहावे. इंग्रजीत लिहिल्याने वजन पडते असा एक समज आहे, पण आमच्याकडे आलेल्या इंग्रजी पत्रांपैकी बहुसंख्य पत्रे यंत्रानेच पाठवलेली असल्याने उलट इंग्रजी मजकूर दिसला की हात आपोआप पुसून टाकण्याकडे जातो.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीतील मार्गदर्शक लेखांत सापडणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या पानांचे पत्ते देवनागरीत असतात. ब्राउझरमध्ये ते नीट दिसतात, पण तेथून उचलून ईमेलमध्ये चिकटवले की देवनागरीतील प्रत्येक अक्षर किंवा मात्रा टक्क्याच्या खुणा, रोमन अक्षरे आणि आकडे मिळून नऊ चिन्हांची होते. ‘नाणेघाट’ या एका शब्दात काना-मात्रांसह सात वर्ण आहेत, म्हणजे पत्त्यातला तेवढाच भाग ६३ चिन्हांचा होतो. चार-पाच शब्दांचे शीर्षक असेल तर फसवणुकीच्या ईमेलमध्ये असतात तशा तीन-चार ओळी तयार होतात. ज्याला आपली ओळख नाही तो अशा पत्त्यावर बोट ठेवायला घाबरतो, आणि त्याने घाबरावे हेच योग्य आहे. काही वेळा पत्ता मध्येच तुटतो आणि पान उघडतच नाही. त्यामुळे मागणीचे पत्र पाठवण्यापूर्वी त्या पानाला छोटा, रोमन अक्षरांतला, वाचता येणारा पत्ता देता आला तर द्यावा, पत्त्याच्या वर पानाचे मराठी शीर्षक लिहावे, आणि आधी स्वतःलाच एक ईमेल पाठवून दुसऱ्याच्या फोनवर तो उघडतो का ते पाहावे. लहान करून देणाऱ्या सेवांचे गूढ पत्ते मात्र वापरू नयेत, कारण त्यामागे काय आहे ते दिसत नाही.

लिंक ज्या शब्दांवर द्यायची ते शब्द कोणते असावेत, याविषयीही आग्रह धरला जातो. ‘“पुण्याजवळचे सर्वोत्तम स्वस्त रिसॉर्ट” याच शब्दांवर लिंक द्यावी’ अशी अट असलेली पत्रे आम्हाला येतात. असे शब्द आमच्या वाक्यात बसत नाहीत, वाचकाला खटकतात, आणि अनेक संकेतस्थळांवर नेमके तेच शब्द दिसू लागले की सर्च इंजिनलाही त्यातली बनावट कळते. ‘येथे क्लिक करा’ हे दुसरे टोक, ज्यातून काहीच समजत नाही. ‘जुन्नर ते घाटघर एसटीच्या वेळा’ असे साधे वर्णन सुचवावे आणि अंतिम शब्द लेखकावर सोडावेत. त्याचप्रमाणे ‘आमची डोमेन ऑथॉरिटी ४० आहे’ अशा वाक्यांनी पत्र सजवण्यात अर्थ नाही. संकेतस्थळाचे वजन दाखवणारा तो आकडा मॉझ या खाजगी कंपनीने स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो, गूगल तो वापरत नाही, आणि हौसेने संकेतस्थळ चालवणाऱ्या माणसाला त्याचे काही देणेघेणे नसते.

मागण्याची एक फार चांगली संधी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे तुटलेल्या लिंकांची. मराठी वेबची पहिली पिढी ज्या फुकट जागांवर उभी राहिली त्यांपैकी अनेक आज अस्तित्वात नाहीत. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केले, ऑर्कुट २०१४ मध्ये गेले, गूगल प्लस २०१९ मध्ये. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर मराठी सारखीच दिसावी यासाठीची पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली पाने जिवंत असली तरी त्या फॉन्टशिवाय आता वाचता येत नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आमच्याही जुन्या पानांवर अशा मेलेल्या लिंक आहेत, आणि त्या शोधून कळवणारा माणूस आम्हाला खरोखरच मदत करतो. ‘आपल्या अमुक पानावरील तमुक लिंक उघडत नाही, मूळ पानाची प्रत जुनी पाने जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर सापडते, तिचा पत्ता देत आहे, त्याच विषयावर आमचेही एक पान आहे, ते उपयोगी वाटले तर पाहावे’ असे पत्र आले तर ते कोणत्याही संपादकाला आवडेल. पण इथेही प्रामाणिकपणा हवा. तुटलेली लिंक सातवाहनांच्या शिलालेखाविषयी होती आणि तिच्या जागी सुचवलेले पान तंबूंच्या विक्रीचे निघाले, असा प्रकार आम्ही पाहिला आहे.

बदल्यात काय द्यावे, असे अनेकजण विचारतात. लिंकच द्यायला हवी असे नाही. पानावरची चुकलेली तारीख कळवावी, आपल्या गावाजवळच्या वाटेची ताजी छायाचित्रे वापरायला द्यावीत, स्थानिक नावांचे उच्चार तपासून द्यावेत. घाटाच्या माथ्यावरच्या टाक्यात मे महिन्यात पाणी असते का, हे पुण्या-मुंबईत बसून कोणालाच सांगता येत नाही; तिथे राहणाऱ्या माणसाला ते सहज सांगता येते, आणि आमच्या दृष्टीने त्याचे मोल कोणत्याही लिंकपेक्षा जास्त आहे. आपण त्यांची लिंक आधीपासून देत असाल तर तसे सांगायला हरकत नाही, पण ते वाक्य वसुलीचे वाटू नये. ‘आम्ही आपली लिंक दिली आहे, आठवड्याभरात आपण आमची न दिल्यास ती काढून टाकण्यात येईल’ हे वाक्य मी इतक्या पत्रांत वाचले आहे की त्याचाही कुठेतरी तयार नमुना असणार. पैसे देऊ करणाऱ्यांना तर माझे एकच उत्तर असते: तो व्यवहार जाहिरातीचा आहे, तो जाहिरात म्हणूनच व्हावा आणि त्या लिंकवर ‘प्रायोजित’ अशी खूण असावी. गूगलने त्यासाठी २०१९ पासून वेगळी खूण उपलब्धही करून दिली आहे.

उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, दोन-तीन आठवड्यांनी, दोन ओळींत. त्यानंतर गप्प बसावे.

कोणाला लिहू नये हेही सांगायला हवे. सरकारी संकेतस्थळांच्या लिंकविषयक धोरणांत साधारणपणे असे लिहिलेले असते की त्यांच्या माहितीकडे लिंक देण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज नाही. तेव्हा आपल्या पानावरून जिल्ह्याच्या संकेतस्थळाकडे किंवा गॅझेटिअरकडे खुशाल लिंक द्यावी, मात्र त्यांनी आपल्या रिसॉर्टची लिंक द्यावी ही अपेक्षा ठेवू नये. विकिपीडियावर स्वतःच जाऊन स्वतःच्या व्यवसायाची लिंक डकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंकांवर ‘नोफॉलो’ची खूण असते, आणि जाहिरातवजा लिंक तिथले स्वयंसेवक काढून टाकतात. आणि ज्या पानावर आधीच दीडशे संकेतस्थळांची यादी आहे त्या पानावर जागा मिळूनही काही हाती लागत नाही, कारण अशी यादी वाचायला कोणी जात नाही.

आता ‘जास्तीत जास्त पत्त्यांवर पाठवा’ या सल्ल्याचा एक दुष्परिणाम, जो लेखकाच्या लक्षात आलेला दिसत नाही. अनोळखी लोकांनी आपली पत्रे ‘स्पॅम’ म्हणून दाखल केली की त्याचा डाग आपल्या ईमेल पत्त्यावर आणि डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावर, पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी. लहान व्यावसायिक त्या ‘मोठ्या’ गटात मोडत नसला तरी तक्रारींचा हिशेब त्याच्याही बाबतीत होतोच. मुक्कामाची सोय चालवणाऱ्याने लिंकसाठी घाऊक पत्रे पाठवली, आणि पुढे त्याच पत्त्यावरून गेलेली आरक्षणाची खात्री पाहुण्याच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडली, तर नुकसान लिंकच्या फायद्याहून कितीतरी मोठे आहे. एका हंगामात विचारपूर्वक लिहिलेली दहा पत्रे पुरेशी होतात. मराठीत एखाद्या तालुक्याविषयी, एखाद्या पिकाविषयी किंवा एखाद्या कलेविषयी गंभीरपणे लिहिणारी संकेतस्थळे मुळात मोजकी आहेत, त्यामुळे त्या दहा जणांची नावे शोधायला फारसा वेळही लागत नाही.

याच ओघात वृत्तपत्रांविषयीही थोडे लिहितो, त्याबद्दल राग नसावा. लहान संकेतस्थळांनी एकमेकांना लिंक मागाव्यात असे आपले लेख सांगतात, पण वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्यांत ‘एका संकेतस्थळावरील माहितीनुसार’ असे मोघम लिहून विषय संपवण्याची पद्धत सर्रास दिसते. किल्ल्यांवरच्या अपघातांच्या बातम्यांत वाटेचे वर्णन कोठून घेतले ते आम्हाला वाचताक्षणी ओळखू येते. छापील अंकात लिंक देता येत नाही हे मान्य. ऑनलाइन आवृत्तीत ती अडचण नाही. एखाद्या मोठ्या वृत्तपत्राने स्वतःहून दिलेली एक लिंक लहान संकेतस्थळाला शंभर देवघेवींपेक्षा अधिक वाचक मिळवून देते, आणि त्यासाठी कोणाला पत्र लिहावे लागू नये.

आपल्या लेखाची ऑनलाइन आवृत्ती मी पाहिली. चौकटीतील नमुना तिथे अजून तसाच आहे आणि तो उतरवून घेण्यासाठी खाली बटणही दिले आहे. तो काढावा, किंवा त्याला वरच्या मुद्द्यांची टीप जोडावी, ही विनंती. त्याच लेखात यशस्वी उदाहरणे म्हणून ज्या संकेतस्थळांचा उल्लेख आहे त्यांची नावे केवळ ठळक अक्षरांत छापलेली आहेत, एकावरही लिंक नाही. त्या जोडणे आपल्या ऑनलाइन विभागाला पाच मिनिटांचे काम आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
घाटवाटांचे संकेतस्थळ सांभाळणारा एक वाचक, पुणे जिल्हा